खाद्यात लसूण-हळद घातली की मासे आजारीच पडत नाहीत म्हणे!

गाळ_तपासा
‘लसूण, हळद, कडुनिंब समप्रमाणात शिजवून खाद्यात मिसळा, प्रतिजैविकं कायमची बंद’ ही पोस्ट सगळीकडे फिरतेय. मासा कोणता, वजन किती, किती दिवस द्यायचं, कशाचाच पत्ता नाही. लसणात ॲलिसिन, म्हणजे जंतूंवर काम करणारं त्यातलं द्रव्य, आयतं नसतं. पाकळी ठेचली की ॲलिइन आणि ॲलिनेज हे विकर एकत्र येतात, तेव्हा ते बनतं. आधीच शिजवलं तर विकर निकामी, उरतो फक्त वास. ठेचून दहा मिनिटं तशीच ठेवायची आणि मग गार खाद्याला लावायची. कडुनिंबाचं तर बोलूच नका. खाद्याची कडू गोळी मासा तोंडात घेतो आणि थुंकतो. कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन हे द्रव्य जास्त झालं तर माशालाही बाधतं, आणि त्याच्या आधी डॅफ्निया हा पाण्यातला बारीक जीव संपतो.

हिरवा_चारा
झाडपाल्याचं नाव काढलं की तुम्हाला ठसका लागतो, हे माहीत आहेच. शिजवू नये, मान्य. पण लसणाचं चूर्ण किलोभर खाद्याला ५ ते १० ग्रॅम दिल्यावर पांढऱ्या पेशी, लायसोझाइम (जिवाणू फोडणारं विकर) वाढलेलं आणि एरोमोनास हे रोगजंतू टोचल्यावर मरतूक कमी झालेली कितीतरी प्रयोगांत दिसलीय. युरोपीय संघानं वाढीसाठीची प्रतिजैविकं १ जानेवारी २००६ पासून बंद केली ती काय हौस म्हणून? बोटभर पिल्लांपासून प्रतिजैविकं चारत राहिलात तर दाद न देणारे जिवाणू तुमच्याच तळ्यात तयार होतील.

गाळ_तपासा
वाढीसाठी प्रतिजैविकं द्या असं मी कुठे म्हटलं? वाचा तरी. माझा मुद्दा एवढाच की वनस्पती आधी द्यायची असते. हाताळणी, वाहतूक, ऋतुबदल यांच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करा. अंगावर व्रण दिसेपर्यंत मासा खाणंच सोडतो, मग लसूण पोटात जाणार कसा? आणि वर्षभर अखंड चारलं तर प्रतिकारशक्ती त्याला सरावते. मध्ये खंड हवाच.

गोळीवाला
दोघेही गोळीवर चढवायचं कसं ते सांगत नाही आहात. कोरडं चूर्ण वरून भुरभुरवलं तर माशाआधी पाण्यालाच मिळतं. ५ ग्रॅम जिलेटिन १०० मिली कोमट पाण्यात विरघळवा, गार झाल्यावर बारीक चाळलेलं चूर्ण त्यात कालवा, किलोभर गोळ्यांवर फवारा, सावलीत पंख्याखाली कडक होईस्तोवर वाळवा आणि वरून तेलाचा पातळ हात द्या. ओल राहिली तर बुरशी आलीच. तपासायचं असेल तर काचेच्या ग्लासात चार गोळ्या टाका. दहा मिनिटांत पाणी पिवळं झालं तर हळद गोळीवर राहिलेली नाही. ती विरघळत नाही, सुटून निघते.

हिरवा_चारा
१०० मिली फार होतं हो. तरंगती गोळी तेवढं पिऊन फुगते आणि बुडते. मग मासा खातोय की नाही तेच दिसत नाही. निम्म्यात भागवा.

गोळीवाला
बुडत्या गोळीला चालतं. तरंगतीसाठी ५० मिली, ठीक. एवढ्यासाठी आवाज चढवायची गरज नव्हती.

पाग_टाका
सगळे १० ग्रॅम की ५ ग्रॅम यावर भांडताय, पण तळ्यात किलो किती मासा आहे हे माहीत आहे का कुणाला? ५००० पिल्लं सोडली, सरासरी २५० ग्रॅम, म्हणून १२५० किलो धरायचं आणि रोज वजनाच्या ३ टक्क्यांनी ३७.५ किलो खाद्य ओतायचं. जगली असतील ७० टक्के, तर खरं वजन ८७५ किलो आणि खाद्य लागतं २६.२५ किलो. रोज सव्वाअकरा किलो गाळात. २८ टक्के प्रथिनं धरली तर अर्धा किलो नायट्रोजन, तोही रोज. मग मासा आजारी पडतो आणि तुम्ही हळद शोधता.

हिरवा_चारा
विषय खाद्यपूरकांचा आहे. मोजणीवर वेगळा धागा काढा.

पाग_टाका
का काढू? मात्रा खाद्यावर, खाद्य वजनावर, वजन तुम्ही डोळ्यांनी ठरवता! पंधरा दिवसांनी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाका, पण खाद्य पडतं त्याच कोपऱ्यात नको, तिथे धष्टपुष्टच सापडतात. चार ठिकाणांहून मिळून ५०-६० मासे घ्या, पाण्यासकट बादलीचं वजन आधी करा, मग मासे टाकून पुन्हा करा. फरक भागिले संख्या. एवढं जमत नसेल तर लायसोझाइमच्या गप्पा मारू नका.

गाळ_तपासा
यात चूक एकच. पागेनं सरासरी वजन कळतं, किती जगले ते नाही. त्यासाठी मेलेल्यांची रोज नोंद आणि खाद्याला किती उसळतात त्यावर नजर. तळाशी मेलेले तर नोंदीतही येत नाहीत. थोडं खाद्य चाचणी-ताटलीत घालून ती पाण्यात सोडून पाहा. दोन तासांनी उरलं तर कमी करा.

पाग_टाका
बरं, ते खरं. पण त्या नायट्रोजनातून होणाऱ्या अमोनियाचं कोण बोलणार? पीएच ७ ला त्यातला विषारी भाग टक्क्याच्याही आत, ९ ला तिशीच्या पुढे. हिरवंगार तळं दुपारी ९ ला सहज जातं. तेव्हा कल्ले जळतात, लसूण काय करणार?

हिरवा_चारा
लसूण कल्ले वाचवतो असं कुणीच म्हटलेलं नाही! हळदीचंही सांगून टाकते, म्हणजे पुढच्या प्रतिसादात माझ्यावर घसरायला नको. तिच्यातलं मुख्य द्रव्य कर्क्युमिन आतड्यातून जेमतेम शोषलं जातं. मिरीतलं पायपरिन शोषण वाढवतं हे माणसांत दिसलंय, पण ते जसंच्या तसं माशाला लागू करू नका. तेलात कालवलेली हळद कोरडीपेक्षा बरी, एवढंच.

गाळ_तपासा
वा, एवढी कबुली पुष्कळ झाली. आता तुलनाही नीट करा. पूरक दिलेल्या तीन टाक्या, न दिलेल्या तीन, पिल्लं एकाच खेपेची, गर्दी सारखी, आणि जिलेटिन-तेल दोन्हीकडे. नाहीतर तेलाचं श्रेय लसूण खाऊन जातो.

गोळीवाला
आणि चूर्णाचा लॉट एकच वापरा. दोन पाकिटांतल्या लसणाचा जोर सारखा नसतो.