याला सगळं कळतं! प्राण्यांच्या हुशारीचे तुमचे अनुभव

परवा एक कावळा बघितला आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. गच्चीत पक्ष्यांसाठी पाण्याचं पसरट भांडं ठेवलेलं असतं. कावळा कुठूनतरी पावाचा वाळून दगड झालेला तुकडा घेऊन आला, कठड्यावर ठेवून दोनदा टोचला, तुटेना. मग तो उचलून थेट पाण्यात टाकला आणि शेजारी उभा राहिला. लगेच काढला नाही हं! मध्ये एकदा चोचीने उलटा केला, दुसरी बाजू भिजू दिली, मान तिरकी करून बघितलं आणि मग काढून खाल्ला. मी हातातलं काम टाकून बघत बसले. आता रोज भांड्यात तुकडे सापडतात, पाणी दोनदा बदलावं लागतं, पण ते मी खुशीने बदलते.

तुमच्याकडेही असे किस्से असतील तर सांगा. पाळलेले, मोकाट, रस्त्यात भेटलेले, कुठलेही चालतील. फक्त ऐकीव नकोत, स्वतः बघितलेले हवेत.

*

मस्त विषय! आमच्याकडे दोन कुत्रे, एक म्हातारा आणि एक वर्षाचा दांडगट. खिडकीखाली उन्हाचा एक चौकोन पडतो, ती म्हाताऱ्याची जागा, पण धाकटा आधी जाऊन पसरतो. म्हातारा भांडत नाही. तो दाराकडे जातो आणि कोणी आल्यावर भुंकतो तसा भुंकतो, अगदी तोच आवाज. धाकटा उठून धावत दाराशी, की हा शांतपणे मागे फिरून उन्हात आडवा. पहिल्यांदा मलाही योगायोग वाटला, मग लक्षात आलं की जागा रिकामी असली की हे भुंकणं कधीच होत नाही. असं तीनेक महिने चाललं आणि गेल्या आठवड्यात धाकट्याने तोच डाव म्हाताऱ्यावर टाकला! म्हातारा उठला, दोन पावलं गेला, थांबला, मागे वळून धाकट्याकडे बघितलं आणि परत येऊन बसला. ती नजर बघायला तुम्ही हवे होतात.

*

आमच्या मावशीकडे आफ्रिकन ग्रे पोपट आहे. मावशीच्या आवाजात कुत्र्याला "मोती, ये ये ये" म्हणून बोलावतो, मोती शेपटी हलवत पिंजऱ्याखाली आला की त्याच आवाजात "चल, हो बाजूला". हे दिवसातून चार-पाच वेळा चालतं आणि मोती दर वेळी येतो, बिचारा.

याच जातीचा अ‍ॅलेक्स नावाचा पोपट होता, आयरीन पेपरबर्ग यांनी त्याच्याबरोबर जवळजवळ 30 वर्षं काम केलं. नुसती पोपटपंची नव्हती ती, समोरच्या वस्तूचा रंग कुठला, आकार कुठला, किती आहेत हे तो सांगायचा. 2007 मध्ये गेला. मावशीच्या पोपटाला मोजता येतं की नाही देव जाणे, पण कोणत्या आवाजाने कोण धावत येतं हे त्याला पक्कं माहीत आहे.

*

फिरायला गेलो होतो तेव्हा माकडाने माझा चष्मा पळवला. डोळ्यावरूनच. जाऊन फांदीवर बसलं, चष्मा हातात, चावत वगैरे नव्हतं, नुसतं धरून माझ्याकडे बघत होतं. मी केळं पुढे केलं तर ढुंकून बघितलं नाही. बरोबरच्या मित्राने बिस्किटाचा अख्खा पुडा काढला तेव्हा खाली आलं, आधी पुडा हातात पडू दिला आणि मगच चष्मा सोडला. काचेवर ओरखडासुद्धा नाही.

नंतर वाचलं की बालीच्या उलुवाटू मंदिरातली माकडं हेच करतात आणि त्यावर रीतसर अभ्यास झालाय, 2021 मध्ये छापून आला. चष्मा, टोपी, चप्पल, फोन, यातल्या कशासाठी माणूस जास्त देतो हे मोठ्या माकडांना नीट कळतं, पिल्लांना अजून कळत नाही, ती मिळेल ते उचलतात. म्हणजे हे शिकून येतं, आणि शिकायला वर्षं लागतात. मला हे फारच आवडलं.

*

गायीला भोळी म्हणणाऱ्यांनी आमची गाय बघावी. गोठ्याच्या फाटकाला आडवी सरकणारी कडी होती. रोज सकाळी फाटक उघडं आणि गाय बाहेर चरतेय. घरात एकमेकांवर आळ घेऊन झाले, कडी कोण विसरलं म्हणून. शेवटी वडील एका रात्री बॅटरी घेऊन बसले. गाय आली, जीभ लांब बाहेर काढून कडीभोवती गुंडाळली, वर उचलली आणि मान एका बाजूला नेली. कडी सरकली. पण ती लगेच बाहेर पडली नाही, आधी वळून वासराच्या कुडाकडे गेली, तिथली कडीही तशीच काढली, आणि मग दोघं बाहेर. वडिलांनी त्यांना अडवलंच नाही. म्हणाले, एवढं केलंय तर चरू दे आज. दुसऱ्या दिवशी कडीला साखळी आणि आकडा लावला, तो मात्र तिला अजून जमलेला नाही, जीभ लावून बघते रोज.

*

मी थोडं वेगळं सांगतो, कुणाचा हिरमोड करायचा नाहीये. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता, गणितं सोडवायचा, खूर आपटून उत्तर द्यायचा. 1907 मध्ये ऑस्कर फुंगस्ट यांनी नीट तपासलं तर कळलं की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही येत नाही. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं किंचित हलायचं, अगदी नकळत, ते बघून हान्स थांबायचा. लोक म्हणाले, म्हणजे हुशार नव्हताच. मला उलट वाटतं! जे हलणं आजूबाजूच्या इतक्या माणसांना दिसलं नाही ते घोड्याला दिसत होतं. आमची कुत्री मी बूट घालायच्या आधीच दाराशी जाऊन बसते. बरेच दिवस लक्ष ठेवलं तेव्हा कळलं, बाहेर जायच्या आधी मी लॅपटॉप जरा जोरात मिटतो. एरवी हळू मिटतो, तेव्हा ती डोळासुद्धा उघडत नाही.

*

बोका. नावाने हाक मारली तर ढिम्म. पण डावा कान माझ्याकडे वळतो, तेवढाच, बाकी अंग जागचं हलत नाही. जपानमधल्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलंय की मांजरांना स्वतःचं नाव इतर शब्दांतून ओळखता येतं. ओळखतोच तो. यायचं की नाही हे तो ठरवतो.

*

कावळ्यांचं निघालंच आहे तर हे पण. बाबांनी खाली पडलेलं कावळ्याचं पिल्लू उचलून झाडावर ठेवलं, चांगल्या मनाने. त्यानंतर सहा-सात महिने बाबा दिसले की टाळकं धरून झडप. टोपी बदलली, रस्त्याची बाजू बदलली, छत्री घेतली, काही उपयोग नाही, चेहरा दिसला की संपलं. मी आणि आई शेजारून चालायचो, आम्हाला हात नाही लावला कधी.

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात हेच मुखवटे घालून तपासलंय. एक विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले, तर पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कलकलाट, आणि जे कावळे कधी पकडलेच नव्हते तेही त्यात सामील. म्हणजे हा माणूस वाईट ही बातमी पसरते. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, मग मी पिल्लू वाचवलं ही बातमी पण पसरवायची ना.

*

धागा काढणारी परत आले! सगळे किस्से दोन-दोनदा वाचले, गाय आणि म्हातारा कुत्रा घरात सगळ्यांना वाचून दाखवले. आज आमच्या कावळ्याबरोबर पिल्लू होतं, अंगाने त्याच्याएवढंच पण चोच उघडली की आत गुलाबी, आणि सारखं पंख थरथरवत मागत होतं. मोठ्याने तुकडा भिजवला, उलटा केला, अर्धा त्याला भरवला. उरलेला अर्धा पिल्लाने स्वतः उचलला आणि भांड्यात टाकायला गेलं, तो काठावर आपटून बाहेर पडला. परत उचलला, परत बाहेर. तिसऱ्यांदा बरोबर पाण्यात.