शब्दचर्चा : कणांचा 'वर्षाव', 'प्रपात' की 'सर'?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, सोलापूर) : नववीच्या विद्यार्थ्यांसाठी लडाखमधील हानले येथील 'मेस' या गॅमा किरण दुर्बिणीवर भित्तिपत्रक करीत आहोत. एका गॅमा किरणामुळे वातावरणात जे असंख्य कण निर्माण होतात, त्यांना 'कणवर्षाव' म्हणावे की 'कणप्रपात'?

उत्तर : 'वर्षाव' हा शब्द उल्कावर्षावामुळे रुळला आहे आणि नेमकी अडचणही तीच आहे. उल्कावर्षावातील प्रत्येक उल्का अवकाशातून आलेली असते. येथे बाहेरून येतो तो एकच गॅमा किरण. हवेतील एखाद्या अणुकेंद्रकाजवळ त्यातून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच धनभारित जोडीदार) अशी जोडी निर्माण होते, ती जोडी नवे गॅमा किरण उत्सर्जित करते, त्यांतून पुन्हा जोड्या जन्मतात, आणि अशा रीतीने पिढीगणिक कणांची संख्या वाढत असताना एकेकाच्या वाट्याची ऊर्जा घटत जाते. प्रपातातले पाणी पडताना वाढत नाही, म्हणून तो शब्द मला अधिकच गैरसोयीचा वाटतो.

माझे मत 'सर' या शब्दाला आहे. सर आणि झड यांतला फरक आपल्याकडे लहान मुलालाही सांगावा लागत नाही. सर येते आणि ओसरते. हवेतील प्रकाशाच्या वेगालाही मागे टाकणाऱ्या या कणांमुळे जो निळसर चेरेंकोव्ह प्रकाश उमटतो, तो जेमतेम काही नॅनोसेकंद टिकतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या 'मेस'चा 21 मीटर व्यासाचा परावर्तक हाच प्रकाश टिपतो. मूळ गॅमा किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाही, हे भित्तिपत्रकात ठळकपणे लिहावे. 'कणसर' असा समास मात्र टाळावा, कारण ज्वारीच्या मुलखातील मुले तो 'कणसा'शी जोडतील. 'कणांची सर' पुरेसे आहे.

प्रतिप्रश्न : वैश्विक किरणांमुळे निर्माण होणाऱ्या कणांनाही हाच शब्द चालेल का?

उत्तर : चालेल, मात्र कोणती सर ते सांगावे. 'किरण' म्हटले तरी वैश्विक किरण हे मुख्यतः प्रोटॉन असतात. त्यांची सर अधिक विस्कळीत असते, तर गॅमा किरणाच्या सरीची प्रतिमा कॅमेऱ्यात बहुधा रेखीव लंबवर्तुळासारखी दिसते, आणि त्यावरूनच दोन्ही वेगळ्या काढतात. शिवाय विद्युत्भारित प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रांत वळत वळत येतात. विद्युत्भार नसलेला गॅमा किरण सरळ येतो, म्हणून त्याच्या सरीच्या रोखावरून थेट खेकडा अभ्रिकेपर्यंत, म्हणजे स्फोट झालेल्या एका ताऱ्याच्या अवशेषापर्यंत, माग काढता येतो.