बल्ब थंड असताना मोजलेला रोध

१०० वॅटच्या बल्बचा रोध मल्टिमीटरवर ४० ओहम आला, मग २३० व्होल्टला तो १३०० वॅट का खात नाही, हा प्रश्न फार चांगला आहे. मीटर ठीक आहे आणि सूत्रही (व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध म्हणजे वॅट) बरोबर आहे. फक्त मोजताना बल्ब थंड होता. पेटल्यावर टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि तिचा रोध दहा-पंधरा पट वाढतो. चालू बल्बमधून साधारण ०.४३ अँपिअर प्रवाह जातो. २३० भागिले ०.४३ केलं की जवळपास ५३५ ओहम येतात, आणि २३० गुणिले ०.४३ म्हणजे ९९ वॅट. जुने बल्ब बहुतेकदा बटण दाबताक्षणीच का उडायचे, तेही यातून कळतं: थंड तारेतून पहिल्या क्षणी कितीतरी जास्त प्रवाह धावतो.

गीझरचं तसं नाही. त्यातल्या नायक्रोमचा (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या तारेचा) रोध तापल्यावर फारसा बदलत नाही. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे रोध सुमारे २६.५ ओहम. आमच्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज १८० वर येतं. तेव्हा १८० चा वर्ग भागिले २६.५, म्हणजे जेमतेम १२२० वॅट! पाणी तापायला वेळ लागतो तो यामुळे.

आणि कृपा करून, रोध मोजण्याआधी प्लग काढाच.