मदत हवी आहे: डब्ल्यूडीएम-2 डिझेल रेल्वे इंजिनाचं मॉडेल, पुढच्या बोगीची चाकं जागेवरच फिरतात

होटगीकर:
सोलापुरात घराच्या आवारात माणसं ओढणारं डब्ल्यूडीएम-2 बांधतोय. गेज (दोन रुळांमधलं अंतर) 184 मिमी. ब्रॉडगेज 1676 धरून प्रमाण 1:9.1, लांबी 1.88 मीटर, चाक 120 मिमी, बॅटऱ्यांसकट वजन 150 किलो. प्रत्येक बोगीला (इंजिनाखालचा तीन अ‍ॅक्सलचा सांगाडा) 24 व्होल्ट, 250 वॅटची 300 आरपीएमची गिअर मोटार. चेनने तिन्ही अ‍ॅक्सल जोडलेत, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) एकास एक. चार बॅटऱ्या मिळून 48 व्होल्ट, दोन्ही मोटारी सिरीजमध्ये (एकीतून दुसरीत करंट).
चार माणसं बसवून गाडी जागची हलवताना पुढच्या बोगीची चाकं गरगर फिरतात, मागची ढिम्म. शिवाय 6 मीटर त्रिज्येच्या वळणावर मधलं चाक रुळावर चढतं. वजन वाढवू का?

लेथवाला:
वजन राहू द्या, आधी सिरीज तोडा. सिरीजमध्ये दोन्ही मोटारींना करंट एकच. पुढची घसरली की तिचा बॅक ईएमएफ (फिरणाऱ्या मोटारीचा उलटा व्होल्टेज) वाढतो, करंट पडतो आणि मागचीचाही जोर जातो. शिवाय घसरणारीवर 24 पेक्षा बरेच जास्त व्होल्ट येतात, ब्रश जळायला वेळ लागत नाही. बॅटऱ्या दोन-दोनच्या जोडीत 24 व्होल्टवर आणा (एकाच वयाच्या हव्यात), 24 व्होल्टचाच कंट्रोलर लावा, मोटारी पॅरलल (दोघींना थेट 24 व्होल्ट), प्रत्येकीला वेगळा 30 अँपिअरचा फ्यूज. वेग तोच राहील, ताशी पावणेसात किमी. खऱ्या इंजिनातही चाक घसरलं की व्हील स्लिप रिले आधी पॉवर उतरवतो, ते उगाच नाही.
पुढचीच का घसरते? ओढताना भार मागे सरकतो. कपलिंग (मागची गाडी जोडायची जागा) जितकं उंच तितका जास्त. चाकाच्या मध्याच्याही खाली घ्या, आणि दोन बॅटऱ्या पुढच्या बोगीच्या डोक्यावर सरकवा.

रूळमिस्त्री:
वळणाचं गणित असं: बोगीचा पाया (पहिल्या आणि शेवटच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) सुमारे 418 मिमी, त्याचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, म्हणजे 3.6 मिमी. मधला अ‍ॅक्सल दोन्ही बाजूंना तेवढा सरकायला हवा. पण त्याला साइड प्ले दिलात तर स्प्रॉकेटची रेघ मोडते, चेन उतरते. त्यापेक्षा मधल्या दोन चाकांची फ्लँज (चाकाची आतली उंच कड) लेथवर उतरवा आणि ट्रेड (रुळावर टेकणारा भाग) रुंद ठेवा. 10 मीटरची त्रिज्या जमली तर 2.2 मिमीवर भागतं.

होटगीकर:
फ्लँज काढतो. पण सरळ रुळावरही एक कोपरा कधीकधी उचलतो, तो कशाने?

रूळमिस्त्री:
रूळ काळ्या मातीवर टाकलाय का? आपल्याकडची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एक रूळ खचतो, दुसरा तसाच राहतो. दर अर्ध्या मीटरवर आडवी लेव्हल-पट्टी ठेवून पाहा. माती फूटभर काढून मुरूम दाबा, वर खडी. इंजिनात मात्र एकाच बोगीला दोन्ही कडांना आधार द्या, दुसरी फक्त मधल्या पिव्हटवर डुलू द्या. चारही कोपरे घट्ट टेकवले की चेसिस तिरपं झालं की एक चाक हवेत जाणारच.

लेथवाला:
मे महिन्यात कंट्रोलर बॉडीत बंद ठेवू नका. रेडिएटरच्या जाळीमागे 24 व्होल्टचा पंखा लावा.