बिबट्याला गोळी घाला म्हणण्याआधी रात्रीच्या लाईटीचं बोला

सीनाकाठ:
मंगळवारी रात्री अडीचच्या सुमाराला माझा धाकटा भाऊ उसाला पाणी धरत होता. आमच्या फिडरला, म्हणजे शेतीच्या वीजलाइनीला, या आठवड्यात रात्रपाळी आहे. थ्री फेज लाईट रात्री दहाला येते, सकाळी सहाला जाते. दारं मोडायला, म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवायला, तो वाकला आणि वस्तीवरचं कुत्रं भुंकता भुंकता मध्येच गप्प झालं. बॅटरी फिरवली तर बांधावर, पंधरा-वीस फुटांवर, दोन डोळे. तो उभा राहिला, फावडं डोक्यावर धरलं, मोठ्यानं ओरडत, पाठ न दाखवता मागं मागं सरकत मोटारीच्या खोलीपर्यंत आला आणि कडी लावून उजाडेपर्यंत आत बसला. सकाळी ओल्या चारीत ठसे सापडले. गोल, चार बोटांचे, नखं न उमटलेले. कुत्र्याची, लांडग्याची नखं ठशात दिसतात. बिबट्या नखं आत ओढून चालतो. कुत्रं अजून सापडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर गाव जमलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, शूटर आणा आणि गोळी घाला. मी वेगळं बोलायला लागलो तर मला खाली बसवलं. म्हणून इथं लिहितोय.

हे जनावर आता पाहुणं राहिलेलं नाही. आज्याच्या वेळी आमच्या रानात ज्वारी, करडई, तूर होती. कापणी झाली की रान मोकळं, लपायला जागा नाही. १९८० ला उजनी पूर्ण झाली, पुढं जोडकालव्यानं भीमेचं पाणी सीनेत आलं आणि आम्ही सगळ्यांनी ऊस लावला, मीही लावला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. आत सावली, गारवा, पाणी, घुशी, रानडुकरं. बाहेर वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. बिबट्याची मादी उसातच विते. त्या पिल्लाला डोंगर माहीत नाही, त्याला घर म्हणजे ऊस. एक मारला की ती मोकळी झालेली जागा दुसरा धरतो.

माझा भाऊ रात्री अडीचला, एकटा, चारीत वाकून का होता? त्याला तिथं बिबट्यानं नेलं नव्हतं, लाईटीच्या वेळेनं नेलं होतं. आज बिबट्या आहे म्हणून गाव जागं झालंय. याच अंधारात साप चावून, स्टार्टरचा शॉक बसून माणसं गेली तेव्हा पारावर कोणी जमलं नव्हतं. जिथं ठसे सापडलेत तिथल्या फिडरला दिवसपाळी द्या, ही मागणी गावानं आधी करावी, असं मला वाटतं.

वांगीकर:
दादा, भाऊ वाचला हे देवाचे उपकार. पण तुमच्याशी मी सहमत नाही, आणि का ते ऐका.

डिसेंबर २०२० मध्ये आम्ही करमाळा तालुक्यात काय काढलं ते इथल्या अर्ध्या लोकांना ठाऊक नाही. थोड्याच दिवसांत तालुक्यातली तीन माणसं गेली. त्याआधी नगर, बीडकडं बळी घेऊन ते जनावर इकडं उतरलं होतं. तिसरी तर ऊसतोड मजुराची लहान मुलगी होती. फडात, दिवसा. दिवसा, दादा! तुमच्या दिवसपाळीनं ती वाचली असती का?

पोरांना बाहेर सोडत नव्हतो. केळीचे घड पिकून चाललेले, आत शिरायला गडी मिळेना. म्हशीची धार काढायला दोघं हातात काठ्या घेऊन बसायची. ड्रोन आले, पिंजरे लागले, तरी जनावर सापडेना. शेवटी १८ डिसेंबरला वांगीच्या शिवारात ते गोळीनंच संपलं. त्या रात्री माझी आई कित्येक दिवसांनी दार उघडं टाकून ओट्यावर बसली. म्हणून गोळीला नावं ठेवू नका.

सीनाकाठ:
वांगीकर, तुमचं म्हणणं खोडून काढण्याची माझी लायकी नाही, तुम्ही ते भोगलंय. ते जनावर माणसांच्या मागं लागलं होतं, ते मारायलाच हवं होतं. १९७२ च्या कायद्यातल्या कलम ११ मध्ये त्याची सोयही आहे: माणसाच्या जिवाला धोका झालेल्या जनावराला मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशानं मारता येतं. आमच्या इथल्यानं अजून माणसाला हात लावलेला नाही. कुत्रं नेलं. या दोघांना एकच शिक्षा कशी?

माळढोक:
सोलापुरात राहतो, नान्नजच्या माळावर पक्षी बघत वाढलो. थोडं अभ्यासातलं सांगतो.

पिंजऱ्यात धरून लांब नेऊन सोडला की काम झालं, असं सगळ्यांना वाटतं. जुन्नरला साधारण २००१ ते २००३ या काळात हेच केलं. कितीतरी बिबटे धरले आणि दुसरीकडं सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की जिथं आणून सोडले तिथं माणसांवरचे हल्ले वाढले. ओळखीच्या मुलखातून उचललेलं, घाबरलेलं जनावर नव्या जागी जास्त धोक्याचं ठरतं. त्यांनीच पुढं नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात ट्रॅप कॅमेरे लावून मोजलं. जंगल नसलेल्या, ऊस आणि वस्त्यांच्या मुलखात शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे निघाले, आणि त्यांच्या पोटात सगळ्यात जास्त काय जात होतं, तर कुत्री. तिथं अभ्यासाच्या काळात बिबट्यानं माणूस मारलेला नव्हता. म्हणजे बिबट्या आजूबाजूला असतो तेव्हा बहुतेक वेळा तो आपल्याला टाळत असतो.

बांधावरची बाभूळ:
अकोल्याचं अकोल्यात ठेवा. तिथं सह्याद्री मागं उभा आहे, पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी बिबट्या बघितलाय. त्यांच्या म्हाताऱ्यांनी पोरांना शिकवलंय की तिन्हीसांजेला ओढ्याला जायचं नाही, वाकून बसायचं नाही. आमच्या म्हाताऱ्यांनी काय शिकवलं? लांडगा आला तर दगड मारा, तो पळतो. आमच्या मुलखाला हे जनावरच नवीन आहे. आणि जुन्नरचं सांगता तर आत्ताचंही सांगा. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं. तिथं बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागल्या. खिळ्याचा पट्टा आपण कुत्र्याला घालायचो हो, बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून! ती पाळी माझ्या बायकोवर येऊ द्यायची नाही, एवढंच मला कळतं. शंभर चौरस किलोमीटरला पाच बरोबर आहेत, हे कोणी ठरवलं? आमच्यातल्या कोणाला विचारलं?

माळढोक:
पाच बरोबर आहेत असं मी म्हटलेलं नाही, तेवढे आढळले असं म्हटलं. विचारलं नाही हे मात्र खरं आहे, आणि तो राग रास्त आहे.

वाघूर:
आमच्यात मेंढरं कोंडायच्या जाळीला वाघूर म्हणतात. नावात वाघ आहे, पण ती जाळी लांडग्यापुरती. बिबट्या तिच्यावरून उडी टाकतो आणि आत एक धरतो, तोवर बाकीची मेंढरं एकमेकांच्या अंगावर चेंगरून मरतात. मागच्या हंगामात माझी सात गेली. त्यानं खाल्लं एक.

भरपाई आहे म्हणतात. पंचनाम्याला जागा लागते, सातबारा विचारतात. आमचा मेंढरांचा वाडा आज या शिवारात, परवा पुढच्या. माणूस येईपर्यंत मढी कुजतात, आणि ज्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली असतात तो म्हणतो, आता उठा. तरी मी गोळीच्या बाजूनं नाही. लांडगा आमच्या बापजाद्यांनी सोसला, दरसाल एखादं दुसरं कोकरू त्याचंच धरलं. याचंही धरू, पण निदान सहा फुटी लोखंडी जाळीचे पट्टे मिळावेत. घोड्यावर लादता येतील एवढे हलके.

कोपीतली:
मी हा धागा सकाळपासून वाचतेय. शेतकरी बोलला, अभ्यासक बोलले, मेंढकेदादा बोलले. करमाळ्यात गेलेली ती मुलगी ज्यांची होती, त्यांच्यातलं कोणी इथं बोललेलं नाही. माझे आईवडील वीस हंगाम सोलापूर जिल्ह्यात ऊस तोडायला आले. मी त्यांच्यासोबत कोपीत राहिले आहे.

कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि वरून ताडपत्री. दार नसतं, गोणपाट असतं. पहाटे चारला कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, फडावर जातात तेव्हा तान्हं लेकरू उसाच्या सरीत धडप्यावर निजवलेलं असतं आणि त्याला सांभाळायला सहा वर्षांची बहीण. आई बारा-बारा तास वाकलेली. परसाकडं जायला अंधारातला ओढा, कारण उजेडात बाईला आडोसा नसतो. वाकलेलं किंवा बसलेलं माणूस बिबट्याला चार पायांच्या जनावरासारखं दिसतं, हे आता सगळे सांगतात. मग आमचं सगळं आयुष्यच त्याच्या नजरेच्या उंचीवर आहे.

फड तोडत शेवटच्या सऱ्यांवर आलं की आतलं जे काही आहे ते बाहेर निघतं. एकदा आईला पिल्लं सापडली, तीन. मुकादमानं शहाणपण केलं, काम थांबवलं, वनखात्याची माणसं बोलावली. त्यांनी पिल्लं क्रेटमध्ये घालून तिथंच ठेवली आणि रात्रीत मादी येऊन घेऊन गेली. कोणी घाबरून पिल्लं मारली असती तर ती आमच्याच कोप्यांभोवती पिसाळून फिरली असती.

मला तुमची दिवसपाळी नको आणि शूटरही नको. ज्यांचा ऊस आहे आणि जे तो गाळतात, त्यांनी कोप्यांभोवती दिवे लावावेत, पत्र्याची दोन संडासं उभी करावीत, लेकरांना फडात आणावं लागणार नाही अशी एक खोली द्यावी. हंगाम सुरू व्हायच्या आधी.

सीनाकाठ:
ताई, मी दिवसपाळीचं लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझा भाऊ होता. आमच्या रानातही दरवर्षी टोळी येते, ओढ्याच्या कडेला कोप्या पडतात, आणि तिथं एक बल्ब लावून द्यावा हे मला एकदाही सुचलेलं नाही. मोटारीच्या खोलीतून तिथवर वायर जाते. यंदा लावतो.

हुरडा पार्टी:
मी बार्शीचा. इथं सगळं बिबट्याचं चाललंय म्हणून आठवण करून देतो, आमच्याकडं पट्टेवाला वाघ येऊन गेला. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिवच्या येडशी अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला, मग बार्शी तालुक्यात जनावरं मारायला लागला. अंगावरच्या पट्ट्यांवरून कळलं की तो यवतमाळच्या टिपेश्वरचा. तिकडून इथवर चालत! ऐन हुरड्याचे दिवस, ज्वारी राखायला माणसं रानात झोपणारी. सगळा तालुका दिवस मावळायला घरात. ताडोब्याचं पथक धरायला आलं आणि वाघ त्यांना हुलकावण्या देत राहिला.

पण एवढ्या दिवसांत त्यानं माणसाच्या अंगावर झेप घेतली नाही. तेव्हापासून माझं मत डळमळीत झालंय. आधी मी बाभूळरावांसारखंच बोलायचो.

माळढोक:
टिपेश्वरचा आणखी एक वाघ २०१९ मध्ये चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. त्याच्या गळ्यात कॉलर होती म्हणून वाट कळली. तरणे नर स्वतःचा मुलूख शोधत असे निघतात. तो वाटसरू असतो. उसातला बिबट्या रहिवासी आहे. दोघांना एकच उपाय लागू नाही.

बांधावरची बाभूळ:
हुरडावाले, जनावरं मारली ती कोणाची होती? एका गाईवर घर चालणाऱ्याला विचारा वाघ कसा वागला ते. आणि माणूस गेला तर सरकार २५ लाख देतं हे कोणीतरी येऊन सांगेलच, म्हणून आधीच लिहितो: माझ्या पोराची किंमत मी काढलेली नाही.

सीनाकाठदादा, तुमच्या दिवसपाळीचं बोलू. मागणी चांगली आहे, पण मिळणार कधी? तोवर काय? सौर पंप घ्या म्हणतात, दहा टक्के भरा आणि घ्या. साडेसात एचपीपर्यंत पंप मिळतो. माझी पाइपलाइन नदीवरून तीन किलोमीटर आहे, चढाची. त्या पंपानं पाणी वर येत नाही. विहीरवाल्याला ठीक आहे. नदीवरच्या लिफ्टवाल्यानं रात्रीच जायचं.

सीनाकाठ:
लिफ्टवाल्यांचं बरोबर आहे, माझीही लिफ्टच आहे. म्हणून तर फिडरच दिवसा द्या म्हणतोय. तोवर मी ठरवलंय ते सांगतो. रानात एकट्यानं जायचं नाही, शेजारच्या बांधवाल्याशी पाळी लावून दोघांनी दोघांचं पाणी धरायचं. मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावायची. शेळ्या गोठ्यात, वरून जाळी, दार पक्कं. वस्तीशेजारच्या पोल्ट्रीवाल्याला मेलेल्या कोंबड्या ओढ्यात न टाकता खड्ड्यात पुरायला लावलं, त्यावरून भांडण झालं, पण पुरतोय. आणि १९२६ या वनखात्याच्या नंबरवर ठशांची खबर दिली. पिंजरा लावू नका, आधी कॅमेरा लावा आणि मादी आहे का बघा, एवढं सांगितलं.

बांधावरची बाभूळ:
पिंजरा लावू नका हे तुम्ही गावाला विचारून सांगितलं का?

सीनाकाठ:
नाही. माझं चुकलं. रविवारी पारावर सांगतो आणि ऐकूनही घेतो. कोपीतल्या ताईंचं सगळं लिखाण वाचून दाखवणार आहे, त्यांची हरकत नसेल तर.

कोपीतली:
वाचा. संडासाचं गाळू नका.

वांगीकर:
माझं मत बदललेलं नाही. माणसाला चटावलं की गोळी, त्यात उशीर नको, आणि त्या आदेशाला लागणारे दिवस कमी करा ही मागणीही तुमच्या अर्जात घाला. बाकी दिवसपाळीच्या आणि कोप्यांच्या मागणीवर माझी सही धरा, आमच्या वस्तीवरच्या आणखी चाळीस सह्या आणतो.

भावाला सांगा, बॅटऱ्या दोन घ्या, एक कमरेला. आणि दारं मोडताना वाकलेल्याकडं पाठ करून दुसऱ्यानं उभं राहायचं, उसाकडं तोंड करून. आमच्याकडं अजून असंच पाणी धरतात.