घाट चढताना ट्रकचा एसी गरम वारं मारतोय, सल्ला पाहिजे (सांगली-मिरज)

मिरज_बाराचाकी:
नमस्कार मंडळी, आमची बारा चाकी २०२३ ची, कंपनीतूनच एसी असलेली. नव्या ट्रकला एसी सक्तीचा १ ऑक्टोबर २०२५ पासून झाला पण आम्ही त्याआधीच मुद्दाम एसीवाली घेतली, कारण गाडीवर आमचे मामा असतात, वय ५६, जुन्या गाडीत मे महिन्यात त्यांना चक्कर आलेली मी शेजारी बसून बघितलीय. आता झालंय असं की सातारा-कराड सपाट रोडला एसी गारेगार, रात्री तर चादर लागते, पण पुण्याकडनं भरून येताना खंबाटकी चढायला लागली की दहा मिनिटात गरम वारं, टोलच्या लायनीत उभं राहिलं तरी तेच. दोन महिन्यात दोनदा गॅस भरला, दुसऱ्यांदा भरल्यावर तर उलट वाढलंय. मेकॅनिक म्हणतोय कॉम्प्रेसर बदला. खरंच बदलायला लागतोय का? आणि दुसऱ्या कुणाकडं न्यायची तर त्याला काय विचारून पारखायचं?

तासगाव_द्राक्षगाडी:
दादा गॅस लीक असणार, आमचं पण असंच व्हायचं. परत एकदा भरून बघा.

कराड_एसीकाम:
थांबा, तिसऱ्यांदा गॅस भरू नका. लीक असता तर सपाटीला पण गार मारला नसता, तुमचा एसी फक्त गाडी हळू चालली की जातोय, म्हणजे कंडेन्सरला (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी, उष्णता बाहेर टाकणारी) वारं मिळंना. उष्णता बाहेर पडत नाही, हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरकडनं कंडेन्सरकडं जाणाऱ्या गॅसचं प्रेशर चढतं आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसरचा क्लच सोडवून त्याला बंद करतो, कॉम्प्रेसर स्वतःला वाचवतोय बिचारा. त्यात वरनं जादा गॅस घातला की प्रेशर आणखीन लवकर चढतं, म्हणून दुसऱ्यांदा भरल्यावर वाढलं. घरच्या घरी एक करून बघा, गाडी उभी, एसी चालू, गरम वारं यायला लागलं की समोरनं कंडेन्सरवर पाणी शिंपडा. दोन-तीन मिनिटात गार आलं तर रोग तिथंच. मग कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फट बॅटरी मारून बघा, आपल्याकडं उसाच्या सीझनला पाचट आणि धूळ तिथं थापीसारखी बसते, समोरनं जाळी चकाचक दिसते. फॅन पण बघा, इंजिन तापलेलं असताना बंद करून चावी काढून हातानं फिरवा, जड लागला पाहिजे, गरगर फिरला तर फॅन क्लच (इंजिन तापलं की फॅनला जोर देणारा जोड) गेला. आणि पारखायचं म्हणाल तर एवढंच विचारा, गॅस वजनावर भरता का? बंद गाडीत प्रेशर गेजचे दोन्ही काटे सारखेच असतात, ३५ डिग्रीला ११० पीएसआयच्या आसपास, गॅस थोडा असो का जादा, तेवढं बघून 'गॅस फुल हाय' म्हणणाऱ्याकडं गाडी सोडू नका.

विटा_ट्रान्सपोर्ट:
केबिन पुढं झुकवल्यावर एसीचे होज (रबरी पाइप) पण बघा, बिजागरीजवळ घासतात. जिथं धूळ तेलकट काळी चिकटलीय तिथं लीक. आमची तशीच सापडली होती.

मिरज_बाराचाकी:
पाणी मारलं, खरंच गार आलं!! वॉशिंग सेंटरला प्रेशर गननं धुवून घेऊ का?

कराड_एसीकाम:
गन जवळनं मारली तर फिन्स (जाळीच्या पातळ पत्र्या) झोपतात आणि मग वारं कायमचंच बंद. साधा पाइप, रेडिएटरच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं. जादा गॅस मशीननं काढून घ्या, गाडीवरच्या एसीच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढाच परत, आधी अर्धा तास तरी व्हॅक्यूम (पंपानं आतली हवा ओढून काढायची). पाइप स्वतः उघडायला जाऊ नका, गॅसनं बोटं भाजल्यासारखी होतात, डोळ्यात गेला तर डोळा जातो.

मिरज_बाराचाकी:
झालं काम. मधल्या फटीतनं जवळजवळ घमेलंभर पाचट आणि चिखल निघाला, फॅन क्लच ठीक होता, होज कोरडे. स्टिकरवर ७५० ग्रॅम आणि मशीननं काढला तर १,०६० ग्रॅम. काल शिरवळवरनं माल भरून दुपारी दोनला खंबाटकी चढली, मामांनी वरनं फोन केला, म्हणले वारं अजून गारच हाय, खिडकी उघडायला लागली नाय. कराडवाले दादा, लय उपकार झाले.