३१ डिसेंबरसाठी सिंगल माल्टची कॉकटेल्स: बारा जण, दोन बाटल्या

गच्चीवरचा_बर्फ
३१ तारखेला घरी बारा जण आहेत. हाताशी ७५० मिलीच्या सिंगल माल्टच्या (एकाच डिस्टिलरीत बनलेली माल्ट व्हिस्की) दोन बाटल्या: पॉल जॉन ब्रिलियन्स आणि अमृत पीटेड (पीट म्हणजे दलदलीतल्या मातीच्या धुराचा वास असलेली). सोडा-पाणी नेहमीचंच, म्हणून या वेळी एक कॉकटेल जेवणाआधी आणि एक बाराच्या ठोक्याला द्यायचं आहे. शेकर एकच आहे आणि रात्रभर ओट्यापाशी उभं राहायचं नाही. आधी करून ठेवता येईल असं काय? आणि सिंगल माल्टमध्ये काही मिसळलं की ती वाया जाते म्हणतात, ते कितपत खरं?

थेंबे_थेंबे
वाया जाते ती कोला आणि खोक्यातल्या ज्यूसमध्ये. साखरेखाली सगळं सपाट होतं, मग तिथे माल्ट काय नि साधी काय. जिथे निम्म्याहून जास्त ग्लास व्हिस्कीचाच असतो तिथे माल्ट चांगली कळते.

जेवणाआधी रॉब रॉय करा. ब्रिलियन्समध्ये धूर नाही, व्हॅनिला-मधाकडे झुकणारी चव आहे, त्यामुळे गोड वर्मुथशी (वनस्पती-मसाले मुरवलेली वाइन) जमतं. एका ग्लासला ६० मिली व्हिस्की, ३० मिली गोड वर्मुथ, दोन झटके अँगोस्टुरा बिटर्स (कडवट अर्क). बारा जणांसाठी व्हिस्की ७२० मिली, म्हणजे जवळजवळ अख्खी बाटली, आणि वर्मुथ ३६० मिली. बिटर्सचा सरळ गुणाकार करू नका. २४ झटके होतात, पण एकत्र मुरल्यावर ते डोक्यावर बसतात. १६ घाला, चव बघा, मग वाढवा.

लोक चुकतात ते पाण्यात. बर्फावर ढवळताना एका ग्लासात साधारण २० मिली पाणी उतरतं आणि ते पेयाचाच भाग असतं. आधी करून ठेवताना बर्फ नसतो, म्हणून तेवढं पाणी मोजून घालायचं: बारा ग्लासांना २४० मिली. बाटलीवर अल्कोहोल ४६ टक्के असेल तर पूर्ण २४०, ४२.८ असेल तर २०० पुरे. हे विसरलात तर पहिल्याच घोटाला घसा जळेल आणि दोष व्हिस्कीला जाईल.

दोन रिकाम्या बाटल्यांत भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, वाढण्याआधी तासभर फ्रीजरमध्ये. रात्रभर फ्रीजरमध्ये नको. पाणी मिसळल्यावर मिश्रणातलं अल्कोहोल तीस टक्क्यांच्या खाली येतं आणि त्याचा चिखलासारखा बर्फ होऊ शकतो. ग्लासही गार हवेत. वर माल्टाच्या (घट्ट सालीचं संत्रं, व्हिस्कीतलं माल्ट नव्हे) सालीचा तुकडा चिमटीत दाबून तेल उडवा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलाण्याने पातळ पट्टी नीट निघत नाही.

सालपापुद्रा
बाराच्या ठोक्याला पेनिसिलिन नावाचं कॉकटेल. न्यूयॉर्कच्या मिल्क अँड हनी या बारमध्ये सॅम रॉसने २००५ मध्ये बसवलेलं. मूळ कृतीत तळाला ब्लेंडेड स्कॉच असते आणि सिंगल माल्ट फक्त वर तरंगते, तेव्हा पीटेड बाटली ओतून संपवू नका. ब्लेंडेड ६० मिली, लिंबू, आलं-मधाचा पाक २० मिली, बर्फावर १० ते १२ सेकंद जोरात हलवून नव्या बर्फावर गाळायचं, आणि चमच्याच्या पाठीवरून ५ मिली अमृत पीटेड. नाकाला धूर, जिभेला आलं.

पाक: मध २०० ग्रॅम, गरम पाणी १२० मिली, किसलेलं आलं ६० ग्रॅम. गॅस बंद करून पाण्यात आलं २० मिनिटं झाकून ठेवा, गाळा, कोमट असतानाच मध विरघळवा. खळाखळा उकळलंत तर आल्याचा तिखटपणा बोथट होतो. आणि मध थेट शेकरात बर्फावर ओतलात तर तळाशी घट्ट गोळा बसणार.

मूळ कृतीत पिवळं लेमन २२ मिली आहे. आपलं कागदी लिंबू जास्त झोंबतं. १५ ते १८ पासून सुरुवात करा. रस त्याच संध्याकाळी पिळा. सकाळचा रस रात्री कडवट लागतो.

थेंबे_थेंबे
कृती बरोबर, वेळ चुकीची. एका शेकरात एका वेळी दोनच नीट हलतात, म्हणजे बारा वाजता सहा फेऱ्या! त्याने स्पष्ट लिहिलंय की ओट्यापाशी उभं राहायचं नाही.

ओट_आणि_ओटा
मग अ‍ॅथोल ब्रोझ. स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबरला, म्हणजे हॉगमनीला, हे परंपरेने पितात. १०० ग्रॅम साधे ओट्स (मसाला ओट्स नाही, कृपा करून) ४०० मिली पाण्यात रात्रभर भिजवा, मलमलच्या फडक्यातून पिळा. साधारण २५० मिली दुधट पाणी निघेल. कमी निघालं तर चोथ्यावर थोडं पाणी घालून पुन्हा पिळा. त्यात चार मोठे चमचे मध कोमट करून, मग अमृत पीटेड २५० मिली. १५० मिली फ्रेश क्रीम शेवटी, त्याच दिवशी. बाटली गार करा, वाढताना हलवा, ५० मिलीचे छोटे ग्लास. ओट्सच्या पिठूळपणावर पीटचा धूर छान बसतो.

दोन गोष्टी टाळा. मधाऐवजी गूळ किंवा काकवी नको, क्रीम फुटू शकतं. आणि वरचा आलं-मधाचा पाक यात ढकलू नका. कच्चं आलं दुधाला काय करतं ते चहा करणाऱ्याला सांगायला नको.

गच्चीवरचा_बर्फ
रॉब रॉय आणि ब्रोझ ठरलं. कपाटात गेल्या वर्षी फोडलेली वर्मुथ आहे, चालेल?

थेंबे_थेंबे
नाही. वर्मुथ म्हणजे वाइनच. फोडली की फ्रिजमध्ये, आणि महिना-दोन महिन्यांत संपवायची. कपाटातली वर्षभरात शिळ्या मनुकांच्या पाण्यासारखी होते, आणि रॉब रॉयमध्ये तिचा वाटा तिसरा हिस्सा आहे. ती हवी तर रश्श्यात घाला, पिण्यासाठी नवी आणा.

सालपापुद्रा
दोन्ही पेयं बिनबर्फाची असली तरी नंतर लोक उरलेली पीटेड बर्फावर मागणारच. पाच-सहा किलो खायचा पाकीटबंद बर्फ सांगून ठेवा. लादी फोडून आणू नका. अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम असला तरी पांढरी दिसली म्हणजे खायची, असं नाही. घरचा बर्फ करणार असाल तर झाकणाच्या डब्यात, नाहीतर फ्रीजरमधल्या बोंबलाचा वास सरळ ग्लासात उतरतो.